फिलर किती दिवस टिकतो? सव्वाशे वर्षांची गोष्ट

आपल्या गेट-टुगेदरमधले गप्पांचे विषय गेल्या काही वर्षांत हळूहळू बदलले आहेत. पूर्वी व्हिसा, ग्रीन कार्ड आणि मुलांच्या शाळा असायच्या. आता पन्नाशी जवळ आली तशी गुडघेदुखी, कोलेस्टेरॉल आणि आवाज जरा खाली आणून चेहऱ्याचे फिलर्स! स्वतः करून घेतलेत असं कोणी सांगत नाही, पण "किती दिवस टिकतात गं?" हे मात्र सगळ्यांनाच हवं असतं.

मी डॉक्टर नाही, आयटीवाली आहे. पण इतिहास वाचायची खोड आहे, म्हणून थोडं खोदकाम केलं. तेव्हा कळलं की हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून डॉक्टरांनाही छळतो आहे. गंमत अशी की सुरुवातीला जो गुण वाटला, तोच पुढे सर्वात मोठा दोष ठरला.

आधी एक खुलासा. बोटॉक्स म्हणजे फिलर नव्हे. बोटॉक्स स्नायूंची हालचाल तात्पुरती थांबवतं आणि साधारण तीन-चार महिन्यांत त्याचा परिणाम ओसरतो. फिलर म्हणजे शब्दशः भराव. गालावरचा खळगा, नाकापासून ओठाकडे उतरणारी घडी किंवा पातळ झालेले ओठ सुईने आतून भरून काढायचे.

चेहरा दुरुस्त करण्याची विद्या आपल्याला नवी नाही. टिपू सुलतानाबरोबरच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यातला कावसजी नावाचा गाडीवान पकडला गेला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याजवळच्या एका विटा घडवणाऱ्या माणसाने त्याच्याच कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये १७९४ साली ही हकीकत छापून आली आणि युरोपातल्या शल्यविशारदांचे डोळे विस्फारले. ते नाक टिकण्यामागचं मर्म असं, की कपाळाची कातडी पूर्णपणे कापून न काढता एका टोकाला जोडलेली ठेवत, म्हणजे तिचा रक्तपुरवठा चालू राहायचा.

याच मार्गाने पण सुरी कमी चालवून काही करता येईल का, हा पुढच्या शतकातला प्रश्न. जर्मनीत कील येथील नॉयबर या सर्जनने १८९३ साली रुग्णाच्या दंडातली चरबी काढून डोळ्याखालच्या व्रणाचा खळगा भरला. चरबीचे तुकडे लहान असले तर जास्त चांगले जगतात, हेही त्यांच्या लक्षात आलं. नव्या जागी रक्तपुरवठा सुरू होईपर्यंत यातली काही चरबी शरीर शोषून घेतंच. आजही चरबी भरताना हीच अडचण असते. किती उरेल याची खात्री देता येत नाही.

मग डॉक्टरांनी विचार केला, की शरीराला पचवताच येणार नाही असं काही घातलं तर? व्हिएन्नाचे गेर्सुनी यांनी १८९९ मध्ये व्हॅसलीन टोचण्याचा प्रयोग केला. त्यानंतर पॅराफिनचं, म्हणजे चक्क मेणाचं, पेव फुटलं. वितळवलेलं मेण सुईने टोचायचं आणि ते आत थिजलं की झालं काम! बसकी नाकं वर आली, सुरकुत्या गेल्या. पण काही महिन्यांनी, काहींच्या बाबतीत काही वर्षांनी, ते मेण जागा सोडू लागलं. त्याच्याभोवती कडक गाठी झाल्या. मेण रक्तवाहिनीत शिरून दृष्टी गेल्याचीही उदाहरणं घडली. पुढे मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकन या सौंदर्यवतीने ऐन विशीत नाकाचा घाट सुधारायला मेण भरून घेतलं. ते हळूहळू हनुवटीकडे उतरलं आणि चेहरा कायमचा बिघडला. १९७७ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी ती वारली, म्हणजे सत्तर वर्षांहून जास्त काळ तिने ते भोगलं.

एवढं झाल्यावर जग शहाणं झालं असेल असं वाटतं ना? पण दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आणि मग अमेरिकेत द्रवरूप सिलिकोन टोचणं सुरू झालं. कारण तेच. शरीर ते पचवत नाही, म्हणजे ते कायम टिकणार. परिणामही तेच! लास वेगासमधल्या शो करणाऱ्या अनेक स्त्रियांना इतका त्रास झाला, की १९७० च्या दशकात नेवाडा राज्याने सिलिकोन टोचणं हा गुन्हाच ठरवला. सौंदर्यासाठी ते टोचायला अमेरिकेच्या एफडीएने आजवर मान्यता दिलेली नाही. तरी चोरून टोचणारे आहेत, आणि २०१७ मध्ये एफडीएला पुन्हा इशारा द्यावा लागला.

खरं वळण आलं ते १९८१ मध्ये. गाईच्या कातडीपासून बनवलेल्या कोलॅजेनला एफडीएने मान्यता दिली. (आपल्यातल्या कित्येकांना ही माहिती ऐकून अंगावर काटा येईल!) आधी हातावर टोचून महिनाभर वाट पाहायची, कारण शंभरात तिघांना त्याची ॲलर्जी निघायची. एवढं करून ते टिकायचं तीन-चार महिने. ग्राहक कुरकुरले, पण मेणाच्या मानाने हे फारच बरं होतं, कारण बिघडलेलं बहुधा आपोआप निवळायचं.

आज सर्वाधिक वापरलं जातं ते हायल्युरॉनिक ॲसिड. कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली गाईच्या डोळ्यातून ते वेगळं केलं. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात ते असतंच. सत्तर किलोच्या माणसात साधारण १५ ग्रॅम, आणि त्यातलं एक तृतीयांश रोज मोडून नवं तयार होतं. म्हणजे नुसतं टोचलं तर दोन-चार दिवसांत गायब! म्हणून त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना रसायनाने बांधून घट्ट जेल बनवतात. जेल किती घट्ट, त्यावर बरंचसं टिकणं अवलंबून. जिवाणूंच्या साहाय्याने बनवलेलं स्वीडनचं रेस्टिलेन १९९६ मध्ये युरोपात आणि डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेत आलं. तेव्हा सहा महिन्यांची गोष्ट होती. २०१३ मध्ये गालांसाठी आलेल्या व्हॉल्युमाला दोन वर्षांपर्यंतचा दावा करता आला. ओठ सतत हलतात, तिथला भराव लवकर ओसरतो. गालाच्या हाडाजवळचा जास्त टिकतो.

पण याचा सर्वात मोठा गुण टिकणं हा नाहीच. हायल्युरॉनिडेझ नावाचं एन्झाइम टोचलं की हा भराव विरघळवता येतो. आमच्या क्षेत्रात नवी सिस्टिम चालू करण्याआधी जुनीवर परत यायची सोय ठेवतात, त्याला रोलबॅक म्हणतात. रोलबॅक नसेल तर शहाणा माणूस शुक्रवारी संध्याकाळी बटण दाबत नाही. मेण आणि सिलिकोनला ही सोय नव्हती.

आता ताजी बातमी. २०२४ मध्ये ३३ जणांच्या चेहऱ्यांच्या एमआरआयचा आढावा प्रसिद्ध झाला. शेवटचं इंजेक्शन घेऊन किमान दोन वर्षं, काहींना तर पंधरा वर्षं झाली होती, तरी आत फिलर सापडला! वरून परिणाम ओसरल्यासारखा दिसला तरी आतला माल संपलेला असेलच असं नाही. त्यामुळे 'सहा महिने झाले, भरा पुन्हा' हा हिशेब चुकू शकतो, आणि भरावावर भराव चढून चेहरा सुजल्यासारखा दिसतो.

हे सगळं लिहिण्याचं कारण आपली भारतवारी. तिकडे खर्च कमी, म्हणून तीन आठवड्यांच्या सुट्टीत लग्नकार्य, साड्यांची खरेदी आणि जाता जाता फिलर असा बेत अनेकजणी करतात. करावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण भराव चुकून रक्तवाहिनीत गेला तर कातडी मरू शकते, दृष्टी जाऊ शकते, आणि उपचार काही तासांत व्हावे लागतात. एफडीएने २०१५ मध्ये याबद्दल खास सूचना काढली होती. गाठी तर काही महिन्यांनीही येतात, तेव्हा आपण हजारो मैल दूर असतो.

तेव्हा देश कुठलाही असो, सुई लागण्याआधी तीन गोष्टी विचारा. नेमकं काय टोचणार, ते विरघळवता येतं का, आणि विरघळवणारं औषध या खोलीत आत्ता आहे का? खोक्यावरचं नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या आणि इकडच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये ठेवा. आणि कोणी 'कायमचं टिकेल' असं सांगून जास्त पैसे मागितले, तर नम्रपणे नमस्कार करून तिथून उठा.