मालकाच्या हातातला पाना: घरच्या घरी गाडी दुरुस्तीचा इतिहास

मंडळी, आसेगावात स्पोर्ट्स कारच्या दुरुस्तीवर बोलायचं म्हटल्यावर हसू येणं साहजिक आहे. आधी रस्ता दाखवा, मग गाडी दाखवू, असंही कुणी म्हणेल. पण गाडी किती पळते हा आपला विषयच नाही. मालकानं स्वतः पाना हातात का घेतला, हा आहे. आणि त्या गोष्टीत एक स्पोर्ट्स कार येतेच.

ब्रिटनच्या हवाई दलात जॉन हेन्स नावाचे गृहस्थ होते. 1965 च्या सुमारास एडनला असताना त्यांनी एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट दुरुस्तीला घेतली. कंपनीचं पुस्तक होतं, पण ते शिकलेल्या मेकॅनिकसाठी लिहिलेलं. घरी पाना धरणाऱ्याला त्यातून काही उमगेना. मग हेन्स यांनी इंजिन खोललं, पायरीपायरीनं फोटो काढले आणि पुन्हा जोडलं. 1966 मध्ये त्याचं पुस्तक निघालं. पहिल्या 3,000 प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या!

आता आपल्याकडे बघा. 1953 च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, जी कंपनी इथे गाडी बनवणार तिलाच थारा, असं धोरण ठरलं. शिवडीला गाड्या जोडणारी जनरल मोटर्स निघून गेली. परदेशी गाडी बाळगणाऱ्यानं पार्ट आणायचा कुठून? एकतर चोरबाजारातून, नाहीतर लेथवर बनवून. आपली खरी स्पोर्ट्स कार ठरली ती कमावलेली फियाट. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्यात बनणारी. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथे या फियाटी पळायच्या. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, कार्ब्युरेटर बदलायचा, नको ते वजन काढून टाकायचं.

खेड्यात हीच हौस राजदूत, येझदी आणि चेतकवर भागली. ही सगळी टू-स्ट्रोक इंजिनं. त्यात मोटारीसारखे व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरची भोकं उघडतो आणि झाकतो. हलणारे भाग कमी, म्हणून घरच्या अंगणात खोलता येणारं. पण पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं असल्यानं काजळी फार. सायलेन्सर तुंबला की गाडी ओढत नाही. प्लग काढून बघितला की निम्मं निदान तिथेच व्हायचं: टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, काळं-ओलसर असेल तर ऑईल किंवा पेट्रोल जास्त, पांढरं पडलं असेल तर पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन तापतंय. पॉइंटची गॅप साधारण 0.4 मिलिमीटर. फीलर गेज नसेल तर दाढीची ब्लेड 0.1 मिलिमीटरची असते, चार एकत्र धरली की झालं काम.

हे सगळं आपल्याकडे तोंडी राहिलं. मिस्त्रीच्या हाताखालचं पोरगं आधी पाने पुसायचं, मग प्लग, मग क्लच-वायर. हेड खोलायला मिळेपर्यंत वर्षं जायची. हेन्सचं पुस्तक वाचणाऱ्यापेक्षा हे पोरगं तसूभरही कमी नव्हतं, उलट कानानं इंजिन ओळखण्यात सरसच, असं आम्हाला वाटतं. फक्त त्याची वही कुणी लिहून घेतली नाही. उस्ताद गेला की विद्याही गेली.

आणि आता तर प्रश्न वेगळाच आहे. पार्ट मिळतो, पण कुलूप सॉफ्टवेअरचं असतं. 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, कारण सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मोकळेपणानं मिळत नव्हती. कंपन्या अपिलात गेल्या. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि नव्या दुचाकींमधून कार्ब्युरेटर जवळपास गेलाच. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. धूर कमी झाला, हे चांगलंच. पण जेटमधला कचरा फुंकून काढणाऱ्या मिस्त्रीला आता स्कॅनर विकत घ्यावा लागतो. अंगणात उभ्या असलेल्या जुन्या चेतकचा प्लग मात्र आजही 21 च्या पान्यानं निघतो.