मोडून वाचवणारा धागा

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे टायकानने एका मोटरसायकलला उडवलं आणि एक तरुण व एक तरुणी, दोघंही जेमतेम चोवीस वर्षांचे अभियंते, प्राणाला मुकले. गुन्हा येरवडा पोलीस ठाण्यात नोंदला गेला. त्यानंतर शहरात चर्चा झाली ती जामिनाची, रक्ताच्या नमुन्यांची, पबच्या वेळांची. ती व्हायलाच हवी होती. पण मोटार धडक कशी पचवते आणि कुणासाठी पचवते, हा प्रश्न त्या चर्चेत मागे राहिला.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. टायकानचा सांगाडा पोलाद आणि ॲल्युमिनियमचा असतो, कार्बन फायबरचा नव्हे. तरी महागड्या गाडीचा विषय निघाला की कार्बन फायबरचं नाव निघतंच. ॲक्सेसरीजच्या दुकानात दुचाकीला लावायला कार्बनच्या विणीचा नुसता छाप असलेले स्टिकर मिळतात, इतका त्याचा दबदबा. ‘कार्बन म्हणजे कशानेही न मोडणारं’ हा त्यामागचा समज. प्रत्यक्षात हा पदार्थ माणसाला वाचवतो तो मोडूनच.

त्याचं कूळ दिव्यात सापडतं. १८७९ साली एडिसनने सुती धागा जाळून त्याचा कोळसा केला आणि तो विजेच्या दिव्यात तार म्हणून वापरला; पुढे बांबूचा तंतू घेतला. तो धागा उजेड देई, पण ताकदीच्या नावाने शून्य. ताकद दिसली ती १९५८ मध्ये, अमेरिकेत ओहायोतल्या युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत, रॉजर बेकन या शास्त्रज्ञाला. त्याने तयार केलेले ग्रॅफाइटचे केसाहून बारीक तंतू पोलादापेक्षा कितीतरी जास्त ताण सोसत होते. मात्र ते बनवण्याचा खर्च भयंकर होता. १९६० च्या आगेमागे ओसाकाच्या सरकारी संशोधन संस्थेत अकिओ शिंदो यांनी वेगळा कच्चा माल घेतला, ज्या ॲक्रिलिकचे आपण स्वेटर घालतो त्याच जातीचा धागा. तो हवेत दोन-तीनशे अंशांवर भाजून घ्यायचा आणि मग प्राणवायू नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर तापवायचा, की उरतो तो जवळजवळ निव्वळ कार्बन. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात विल्यम वॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ च्या सुमारास हा धागा आणखी ताठ आणि बळकट केला. आजचा कार्बन फायबर बहुतांशी याच वाटेने बनतो. एक तंतू पाच ते सात मायक्रॉन जाडीचा. अशा हजारो तंतूंचा एक पेड, पेडांचं कापड, कापडाचे थर आणि थरांना धरून ठेवणारी इपॉक्सी ही राळ.

पहिली मोठी फजिती लगेचच झाली. रोल्स-रॉइसने आपल्या आरबी-२११ या जेट इंजिनाची पुढची पाती कार्बन फायबरची केली. पाती हलकी होती, ताणाला खंबीर होती. पक्षी आदळण्याच्या चाचणीत मात्र ती टिकली नाहीत. कंपनीला टायटॅनियमकडे वळावं लागलं आणि या इंजिनाच्या वाढत गेलेल्या खर्चाखाली फेब्रुवारी १९७१ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. ओढ सोसणं वेगळं आणि आघात सोसणं वेगळं, हा धडा तिथे अतिशय महागात मिळाला.

म्हणूनच १९८१ मध्ये जॉन बर्नार्ड यांनी मॅक्लारेनच्या एमपी-४ या शर्यतीच्या मोटारीची सबंध चासी कार्बन फायबरची करायचं ठरवलं, तेव्हा अनेकांना ती धडकेत भुगा होईल असं वाटत होतं. चासी बनवून दिली अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या हर्क्युलिस या अवकाश-उद्योगातल्या कंपनीने. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला इटलीत मोन्झाच्या शर्यतीत जॉन वॉटसन यांची मोटार भर वेगात घसरली आणि मागच्या बाजूने कठड्यावर आदळली. इंजिन आणि गिअरबॉक्स तुटून वेगळे झाले. वॉटसन बसले होते तो भाग मात्र शाबूत राहिला आणि ते आपल्या पायांनी बाहेर आले. त्या दिवसानंतर वाद जवळपास मिटला. १९८५ पासून फॉर्म्युला वनमध्ये समोरून धडकेची चाचणी सक्तीची झाली.

इथे थोडं थांबून, धडकेत नेमकं काय होतं ते बघू. पोलादाची नळी उभी दाबली तर ती घड्या पडत बसते. पत्रा वाकतो आणि वाकण्यात धडकेची ऊर्जा खर्ची पडते. मोटारीचा पुढचा भाग मुद्दाम वाकू द्यावा आणि माणसं बसतात तो पिंजरा ताठ ठेवावा, ही मर्सिडीजच्या बेला बारेनी यांची १९५० च्या दशकातली कल्पना. १९५९ पासून ती विकायच्या मोटारीत आली. कार्बनला वाकणं जमत नाही. दीड-दोन टक्के ताणला की तो तुटतो. मग ऊर्जा खर्च करायची ती तुटण्यातूनच. त्यासाठी कार्बनच्या नळीचं टोक तिरकं तासतात. धडकेत ते टोक आधी चिरडतं, तिथून चिरा थरांच्या मधून पुढे सरकतात, आतले पदर आत आणि बाहेरचे बाहेर वळतात, आणि कडुलिंबाची काडी चावल्यावर टोकाला पिंजते तशी नळी पिंजत मागे सरते. प्रत्येक तंतू तुटताना, प्रत्येक थर सुटताना, पदर एकमेकांवर घासताना ऊर्जा खर्च होत राहते. हे सगळं सलग घडलं तर अशी नळी प्रयोगशाळेत किलोमागे साठ-सत्तर किलोज्यूल गिळते, पोलादी नळीच्या कित्येक पट. पण टोक तासलं नाही, थरांची दिशा चुकली किंवा धडक तिरकी बसली, तर तीच नळी मधूनच कडकन मोडते आणि फारसं काही न गिळता दोन तुकडे होऊन पडते.

माझ्या मते या साऱ्या कुळकथेचा गाभा इथे आहे. सुरक्षितता पदार्थात नसते. तो कुठून, कोणत्या क्रमाने मोडेल हे कुणीतरी आधी बसून ठरवलेलं असतं, त्यात ती असते. बीएमडब्ल्यूची २०१३ ची आय-३ पाहा. प्रवासी बसतात तो कप्पा कार्बन फायबरचा, पण पुढे-मागे धडक झेलणारे भाग ॲल्युमिनियमचे. ताठपणा कार्बनकडे सोपवला आणि चिरडण्याचं काम अंदाज बांधायला सोप्या धातूकडे. मॅक्लारेनच्या रस्त्यावरच्या मोटारींतही कार्बनच्या टबाला पुढे-मागे ॲल्युमिनियमच्या फ्रेम जोडलेल्या असतात.

दुरुस्तीचं गणितही कार्बनने बदललं. डेंटिंगवाला पत्र्याचा पोचा डोळ्याने बघतो, बोट फिरवून अंदाज घेतो आणि हातोडीने सरळ करतो. कार्बनला पोचा येत नाही. वरून रंगही उडालेला नसतो आणि आत थर सुटलेले असू शकतात. ते शोधायला अल्ट्रासाउंडसारखी तपासणी लागते. एक धडक खाल्लेला कार्बनचा भाग पुढच्या धडकेत कसा वागेल हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही, म्हणून तो बहुधा बदलतात.

आता कल्याणीनगरकडे. एडिसनपासून आय-३ पर्यंतच्या या वाटचालीत वॉटसन यांच्यासारखा आत बसलेला माणूस प्रत्येक पिढीत अधिकाधिक सुरक्षित होत गेला. मोटारींच्या धडक-चाचण्या घेऊन गुण देणाऱ्या युरो एनकॅपने आय-३ तपासली तेव्हा आतल्या प्रौढांच्या सुरक्षिततेला ८६ टक्के गुण मिळाले आणि पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेला ५७. बाहेरच्या माणसासाठी धडक चिरडून घेणारा भाग म्हणजे त्याची स्वतःची हाडं. दोन टनांहून जड मोटार मोटरसायकलवर भरधाव आली की तिचा सांगाडा कार्बनचा आहे की पोलादाचा, याने मोटरसायकलवरच्यांना तसूभरही फरक पडत नाही. त्यांच्यासाठी एकच आकडा महत्त्वाचा, मोटारीचा वेग. आणि वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते.

२०२२ मध्ये भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरची होती आणि १९.५ टक्के पायी चालणारी. मोटारींचे भारतीय निकष ठरवणाऱ्या समितीचं कार्यालय पुण्यातच, एआरएआय या मोटार-संशोधन संस्थेत आहे. पादचाऱ्यांना धडक बसली तर बॉनेट आणि बंपर किती मऊ हवेत हे सांगणारा एआयएस-१०० हा निकष नव्या मॉडेलना २०१८ पासून लागू झाला. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये धडक-चाचणीवरून मोटारींना तारे देणारं भारत एनकॅप सुरू झालं तेव्हा तारे ठेवले गेले ते दोनच गोष्टींसाठी: आत बसलेले प्रौढ आणि आत बसलेली मुलं. शोरूममध्ये गिऱ्हाईक ‘फाइव्ह स्टार आहे का?’ असं विचारतं, ते याच ताऱ्यांबद्दल. बाहेर दुचाकीवर बसलेल्यांसाठी तिथे एकही तारा ठेवलेला नव्हता.