चंडी बारू (सेमारांग)

चंडी बारू : इंडोनेशियाच्या मध्य जावा प्रांताची राजधानी असलेल्या सेमारांग या बंदर-शहराचा टेकड्यांवर वसलेला निवासी भाग. शहराची लोकसंख्या 16,53,524 (2020). हा भाग मुख्यतः गाजाहमुंकुर व चंडीसारी या उपविभागांत मोडतो. ‘बारू’ म्हणजे नवे. ‘चंडी’ हा शब्द जावात प्राचीन हिंदू व बौद्ध मंदिरांसाठी वापरला जातो आणि तो दुर्गेच्या चंडिका या नामावरून आला असावा, असे सामान्यतः मानले जाते. सिंपांग लिमा हा शहराचा मध्यवर्ती चौक समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीच मीटर उंच आहे, तर चंडी बारू सुमारे 90 मी. व त्याच्या दक्षिणेची गोंबेल टेकडी सुमारे 270 मी. उंचीवर आहे. शहराचे ‘बावाह’ (खालचे) व ‘आतास’ (वरचे) असे दोन भाग लोकांच्या बोलण्यात रूढ आहेत, आणि सेमारांगमधील आरोग्य, प्रतिष्ठा व जमिनीचे मोल या तिन्हींचा इतिहास बव्हंशी या दोन शब्दांमधल्या चढणीचा इतिहास आहे.

डच अमलात युरोपीय, चिनी व जावानी वस्ती खालच्या दलदलीच्या पट्ट्यात दाटलेली होती आणि हिवताप, पटकी यांसारखे रोग तेथे पाचवीला पुजलेले होते. 1906 मध्ये शहराला नगरपालिका मिळाल्यानंतर नगरसेवक असलेले वैद्य डे फोगेल आणि औषधविक्रेते टिलेमा यांनी आरोग्याच्या कारणास्तव टेकड्यांकडे विस्तार करण्याचा आग्रह धरला. या विस्ताराचा आराखडा 1916 मध्ये टॉमस कार्स्टन (1884–1945) या डच वास्तुविशारदाने तयार केला. तत्कालीन रिवाजाप्रमाणे वंशानुसार वस्त्या न पाडता त्याने भूखंडांची विभागणी रहिवाशांच्या ऐपतीनुसार केली. तत्कालीन वसाहतीत हे पाऊल पुरोगामी होते. तथापि ऐपत आणि वंश यांची सांगड त्या काळी इतकी घट्ट होती की, माथ्यावरच्या प्रशस्त बंगल्यांत प्रत्यक्षात कोण राहणार हे आराखड्यावरूनच उमगत होते. त्याच्या रेखनाचा खरा गुण मात्र भूगोलाशी राखलेल्या इमानात आहे. रस्ते चौकटीत न आखता समोच्च रेषांना, म्हणजे समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषांना, धरून वळवलेले आहेत. त्यामुळे चढ सुसह्य होतो, पावसाचे पाणी वाट काढते, आणि वळणावळणावर उत्तरेकडे जावा समुद्र व दक्षिणेकडे 2,050 मी. उंचीचा उंगारान पर्वत यांचे दर्शन घडते. आजचे तामान दीपोनेगोरो हे उद्यान व 1927 मध्ये सुरू झालेले सेंट एलिझाबेथ रुग्णालय या वसाहतीच्या जुन्या खुणा होत. कार्स्टनचा मृत्यू 1945 मध्ये जपानी नजरकैदेत झाला.

उंचीचे जुने आकर्षण आरोग्याचे होते. आजचे आकर्षण कोरड्या जमिनीचे आहे. किनाऱ्यालगतचा सेमारांग नदीगाळाच्या कोवळ्या थरांवर उभा असून, त्या थरांचे स्वाभाविक दबणे, इमारतींचा भार व खोल विहिरींतून होणारा भूजलउपसा यांमुळे तो खचत आहे. काही ठिकाणी हा वेग वर्षाला 10 सेंमी.पर्यंत जातो. परिणामी भरतीचे पाणी वस्तीत शिरते. या पुराला स्थानिक भाषेत ‘रोब’ म्हणतात. पाऊस नसतानाही, निरभ्र दुपारी, तो दारात येऊन उभा राहतो. मे 2022 मध्ये बंदराजवळचा बांध फुटून अशाच रोबाने औद्योगिक वसाहत बुडवली होती. खालच्या भागातील कित्येक घरांत दर काही वर्षांनी भराव घालून जमीन उंचावतात, छप्पर मात्र जागच्या जागी राहते, आणि अखेर दाराच्या चौकटीखालून वाकून जावे लागते. अशा शहरात वरच्या जमिनीचा भाव चढा राहावा, यात नवल नाही.

घर घेणाऱ्याने भावाआधी हक्काचा प्रकार पाहणे अगत्याचे असते. 1960 च्या मूलभूत कृषिभूमी कायद्यानुसार ‘हाक मिलिक’ हा पूर्ण मालकीहक्क, थोड्या अपवादांनी, केवळ इंडोनेशियन नागरिकांना मिळतो. ‘हाक गुना बांगुनान’ हा ठरावीक मुदतीचा बांधकामहक्क नागरिकांना व इंडोनेशियात स्थापन झालेल्या कंपन्यांना मिळतो, तर देशात वास्तव्य करणाऱ्या परदेशी व्यक्तीला ‘हाक पाकाई’ हा वापरहक्क घेता येतो. 2021 च्या नियमांनुसार त्याची मुदत 30 वर्षे, त्यावर 20 वर्षांची वाढ व पुढे 30 वर्षांचे नूतनीकरण अशी आहे. स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन पैसा परदेशी व्यक्तीने पुरवायचा, ही पळवाट पुष्कळदा सुचवली जाते. परंतु परदेशी व्यक्तीकडे मालकी वळवण्यासाठी केलेला असा व्यवहार उक्त कायद्याच्या 26 व्या कलमाने रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेली रक्कम परत मागता येत नाही. हस्तांतरणाचा दस्त ‘पेपेआते’ या अधिकृत भूदस्त-अधिकाऱ्यासमोर करावा लागतो. विक्रेत्याला साधारणतः 2.5 टक्के प्राप्तिकर आणि खरेदीदाराला करमुक्त मर्यादेवरील रकमेवर कमाल 5 टक्के हस्तांतरणशुल्क भरावे लागते.

रोब टळला म्हणून वरची जमीन निर्धोक ठरत नाही. या टेकड्यांत ज्वालामुखीजन्य भरड खडकाखाली ठिकठिकाणी सागरी चिकणमातीचे थर आहेत, जे पावसात फुगतात व उन्हात आकसतात. जवळून कालीगारांग हा भूस्तरभंगही जातो. नोव्हेंबर ते मार्च या पावसाळ्यात दरडी कोसळतात. म्हणून उतारावरच्या घराची पाहणी दिवाणखान्यापासून नव्हे, तर ‘तालुद’ या दगडी संरक्षक भिंतीपासून करणे शहाणपणाचे. भिंतीत पाणी निथळण्यासाठी ओळीने बसवलेल्या आखूड नळ्यांना ‘सुलिंग-सुलिंग’, म्हणजे बासऱ्या, असे गोड नाव आहे. जोरदार पाऊस होऊन गेल्यावरही या बासऱ्या कोरड्या असतील, तर पाणी मागे तुंबून भिंतीला रेटत असण्याचा संभव असतो. भिंतीचा फुगवटा, तिरकी झालेली कुंपणे आणि जमिनीतील चंद्रकोरीच्या आकाराच्या भेगा ही त्याहून स्पष्ट लक्षणे होत. समुद्रदर्शनासाठी अधिक पैसे मोजणारे पुष्कळ असतात, परंतु ते दर्शन ज्या भिंतीवर उभे असते तिच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

दैनंदिन व्यवहारात ‘एर्ते’ (शेजारगट) हा प्रशासनाचा सर्वांत धाकटा घटक महत्त्वाचा ठरतो. जपानी अमलात रुजलेल्या या व्यवस्थेचा प्रमुख नव्या रहिवाशाची नोंद घेतो, आणि मासिक वर्गणी, रात्रीची गस्त व सामूहिक साफसफाई तिच्याद्वारे चालते. भाड्याच्या उत्पन्नासाठी घर घेणाऱ्यांची नजर दक्षिणेकडे वळते, कारण तेंबालांग येथे दीपोनेगोरो विद्यापीठाचा मोठा परिसर आहे. तेथे विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देण्याच्या धंद्याला ‘कोस’ म्हणतात. हा शब्द डच भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ खाणावळीसह राहणे असा होता, पण आता जेवण गळून केवळ खोली उरली आहे.

दक्षिणेकडे जाताना गोंबेलचा तीव्र चढ ओलांडावा लागतो, आणि उतारावर ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींचे अपघात ही तेथील जुनी डोकेदुखी आहे. रात्री याच वळणांवरून खालच्या शहराचे व बंदराचे दिवे पाहण्यासाठी लोक थांबतात. ‘वेवे गोंबेल’ ही जावानी लोककथेतील प्रसिद्ध हडळ याच टेकडीची मानली जाते. आईबापांनी हेळसांड केलेली मुले ती पळवून नेते, परंतु त्यांना इजा न करता सांभाळते आणि पालकांना पश्चात्ताप झाला की परत करते.