पाऊस आणि नांगर

अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानाच्या मध्यभागीं कस्टर नांवाचा जिल्हा आहे. त्याच्या पश्चिम भागांतून शंभरावें रेखावृत्त जातें, आणि जिल्ह्याचें सारें सुखदुःख या अदृश्य रेषेशीं जखडलेलें आहे. तिच्या पूर्वेस सामान्यतः वर्षाकाठीं वीस इंचांहून अधिक पाऊस पडतो व कोरडवाहू शेती तगते. पश्चिमेस तिचा भरंवसा नाहीं. पॅसिफिक महासागराची वाफ रॉकी पर्वत अडवितो. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी ओल मे-जूनमध्यें काय तो बरा पाऊस देते. आणि उत्तरेस एकहि आडवा डोंगर नसल्यामुळें कॅनडाचा गारठा हिवाळ्यांत थेट दारांत येऊन उभा राहतो. १२ जानेवारी १८८८ ची सकाळ अशी ऊबदार होती कीं, पुष्कळ मुलें जाड कपडे न घालतांच शाळेस गेलीं. त्याच दिवशीं हिमवादळ कोसळलें, आणि नेब्रास्का-डकोटाच्या त्या मैदानी मुलखांत दोनशेंहून अधिक माणसें मेलीं असा अंदाज आहे.

तरीहि लोक येथें आले कसे? १८७८ सालींच जॉन वेस्ली पॉवेल यांनीं सरकारला बजावलें होतें कीं, या रेषेपलीकडे पाटाच्या पाण्यावांचून शेती चालावयाची नाहीं. पण लोकांस ऐकावयाचें होतें तें निराळेंच, आणि तें ऐकविणारा मनुष्य, लिहितांना संकोच वाटतो, आमच्याच पेशांतला निघाला. नेब्रास्का विद्यापीठांतील अध्यापक सॅम्युएल ऑघी यांनीं १८८० सालीं प्रतिपादन केलें कीं, नांगरलेली जमीन स्पंजाप्रमाणें पाणी शोषते, तें वाफेच्या रूपानें हळूहळू परत देते, आणि म्हणून लागवडीबरोबर पाऊसमानहि वाढतें. पुढच्याच वर्षीं चार्ल्स डेना विल्बर यांनीं त्याचें सुटसुटीत सूत्र केलें: पाऊस नांगरामागून येतो. दुर्दैव असें कीं, त्या वर्षांत पाऊस खरोखरीच चांगला पडत होता!

१८६२ च्या कायद्यानें १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळत होती. १८८६ सालीं ब्रोकन बो गांवापर्यंत आगगाडी आली. १८८० सालीं कस्टरची वस्ती सुमारें २,२०० होती, ती १८९० सालीं २१,६०० वर गेली. लांकूड नाहीं म्हणून लोकांनीं गवताळ मातीच्या चिपा कापून घरें रचिलीं. सॉलोमन बुचर यानें १८८६ पासून या कुटुंबांचीं छायाचित्रें घेतलीं. त्यांपैकीं एकांत बाईनें आपला बाजा अंगणांत आणवून ठेविला आहे. मातीचें घर माहेरच्या ओळखीच्यांस दिसूं नये, बाजा मात्र दिसावा, ही तिची इच्छा. आम्हांस हें चित्र पाहून हंसूं येत नाहीं.

१८९० सालीं पाऊस चुकला. १८९४ च्या उन्हाळ्यांत भट्टीसारखा वारा सुटला आणि उभा मका करपला. नांगर तेच होते, शेतें पूर्वीपेक्षां अधिकच होतीं; पाऊस मागून आला नाहीं. कित्येक कुटुंबें गाड्या जुंपून परत पूर्वेकडे गेलीं, आणि १९०० सालच्या शिरगणतींत वस्ती वीस हजारांच्या खालीं उतरली. ऑघी हें पाहावयास तेथें नव्हते. १८८३ सालींच त्यांनीं विद्यापीठ सोडलें होतें. बुचर यालाहि दुष्काळांत काम गुंडाळून ठेवावें लागलें. त्याचा कस्टरचा इतिहास छापून निघाला तो १९०१ सालीं.