पांढरी माती आणि मोकळी खोली

वाशिमच्या वाकाटक राजांच्या काळात घराचा अंतर्भाग कसा असे, हे अजिंठ्याच्या चित्रांत दिसते. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. तिथल्या राजवाड्यांच्या प्रसंगांत सडपातळ खांब, बुटकी आसने आणि लोड-तक्के दिसतात. बाकी सामान बेताचेच.

सामान्यांचे घर मातीचे होते. वऱ्हाडात पिकाच्या जमिनीला ‘काळी’ आणि गाव वसलेल्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. ही पांढरी माती सहसा पाणी झिरपू देत नाही, म्हणून धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरावर तिचाच जाड थर देत. खाली सागवानी खांब, तुळया, कड्या आणि त्यांवर फळ्या किंवा तुराट्या असत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. घराचा आकार खणांतच सांगत.

धाब्याच्या घराच्या भिंती जाड असत आणि त्यांत खिडक्या थोड्या. उजेड येई तो दारातून आणि छताला ठेवलेल्या भोकातून. या भोकाला साणे म्हणत. चुलीचा धूरही तिथूनच बाहेर पडे आणि पाऊस आला की त्यावर फुटके मडके पालथे घालत. एवढ्याशा उजेडात खोली उजळ राही ती पोताऱ्यामुळे. दिवाळीपूर्वी बायका पांढरी माती पाण्यात कालवून फडक्याने भिंती पोतारत. जमीन शेणाने सारवत.

सामानाची सोय भिंतीत आणि जमिनीतच होती. दिवा कोनाड्यात, पागोटे खुंटीवर, लुगडी-धोतरे टांगत्या दांडीवर, ज्वारी जमिनीखालच्या पेवात. गोधड्या सकाळी घडी घालून ठेवल्या आणि बाज अंगणात काढली, की तीच खोली बसण्याची, जेवणाची होई. हा साधेपणा गरजेतून आला होता. दागिन्यासारखी सजावट देवळांच्या वाट्याला गेली: कारंजा या व्यापारी गावातील जैन मंदिरांचे लाकडी कोरीवकाम प्रसिद्ध आहे.

पुढे धाब्याची जागा टिनपत्र्यांनी आणि नंतर सिमेंटच्या स्लॅबने घेतली. मातीच्या छताचा भार गेला. खिडक्या मोठ्या झाल्या. त्याबरोबर लोखंडी कपाट, दिवाण, सोफा, शोकेस आले आणि खोल्या भरल्या. अमेरिकेत १९६० च्या दशकात चित्र-शिल्पांच्या संदर्भात रूढ झालेला ‘मिनिमलिझम’ हा शब्द पुढे मोजक्या सामानाच्या घरसजावटीलाही लागला.

 या नावाखाली शहरी फ्लॅटमध्ये आता मोकळी जमीन आणि पांढरी भिंत ही आवडीने निवडलेली शैली आहे. तिथे कोनाडा आणि खुंटीचे काम भिंतीत बसवलेली कपाटे करतात, तर पेवासारखी नजरेआडची साठवण पलंगाखालच्या कप्प्यांत होते.