अंतिम वापराचा प्रश्न : सामरिक वस्तूंच्या निर्यात नियंत्रणाचे विवेचन

ऑक्टोबर २००३ मध्ये दुबईहून लिबियाकडे निघालेले ‘बीबीसी चायना’ हे जहाज इटलीतील तारांतो बंदरात वळवण्यात आले. त्यावरच्या पाच कंटेनरांत युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचे सुटे भाग निघाले. ते घडवले गेले होते मलेशियातील शाह आलम येथील एका कारखान्यात. माल तेल आणि वायू उद्योगासाठी हवा आहे, असे कारखान्याला सांगण्यात आले होते. या उत्तराची शहानिशा करायला लावणारा कायदा मलेशियात तेव्हा नव्हता. तो २०१० मध्ये झाला. हा माल पुरवणारे, पाकिस्तानी अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादिर खान यांच्या अण्वस्त्र-व्यापाराचे जाळे अशाच न विचारलेल्या प्रश्नांवर उभे होते. निर्यात नियंत्रणाचे पालन म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर या प्रकरणापासून आरंभ करावा.

१. नियंत्रण कशावर?

तयार अणुबाँब किंवा विषारी वायूने भरलेला तोफगोळा कोणी उघडपणे निर्यात करत नाही. प्रसार होतो तो दुहेरी उपयोगाच्या वस्तूंमधून. थायोडायग्लायकॉल शाई आणि कापडछपाईत लागते. मस्टर्ड गॅस बनवण्याचा तो शेवटच्या पायरीचा कच्चा मालही आहे. मूतखडा फोडणाऱ्या यंत्रातील ‘ट्रिगर्ड स्पार्क गॅप’ हा विद्युत भाग अण्वस्त्राच्या स्फोटकांना एका क्षणी चेतवण्यासाठीही वापरता येतो. मॅरेजिंग पोलादाचे साचे होतात, तसे सेंट्रिफ्यूजचे रोटरही होतात.

म्हणून वस्तूचे नाव पुरेसे नसते. तिचे गुणधर्म आणि मापे पाहावी लागतात. रासायनिक अभिक्रियेची टाकी घ्या. रासायनिक अस्त्रांना उपयोगी पडणाऱ्या वस्तूंच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या राष्ट्रांच्या ‘ऑस्ट्रेलिया ग्रुप’च्या यादीत ती येते ती आकारमान १०० लिटरहून अधिक व २०,००० लिटरहून कमी असेल आणि रसायनाला भिडणारा पृष्ठभाग काच, टायटॅनियम, टँटलम किंवा अधिक निकेल असलेल्या मिश्रधातूसारख्या गंजरोधक पदार्थाचा असेल तेव्हा. त्याच आकाराची साध्या स्टेनलेस स्टीलची टाकी या नोंदीत बसत नाही. सीमाशुल्काच्या कामासाठी लागणारा एचएस कोड दोन्हींचा सारखा असू शकतो. कोड पाहून ‘आपला माल यादीत नाही’ असा निष्कर्ष काढणे त्यामुळेच धोक्याचे.

२. कायद्याची चौकट

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २८ एप्रिल २००४ रोजी ठराव १५४० संमत केला आणि अशा वस्तूंवर देशांतर्गत नियंत्रण ठेवणे सर्व राष्ट्रांना बंधनकारक केले. पुढच्याच वर्षी भारताने सामूहिक संहाराच्या अस्त्रांविषयीचा कायदा केला. २०२२ च्या दुरुस्तीने अशा अस्त्रांसाठी पैसा पुरवणेही त्याच्या कक्षेत आणले. १९९२ च्या विदेश व्यापार कायद्यात २०१० मध्ये या वस्तूंसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. नियंत्रित वस्तूंची यादी ‘स्कोमेट’ या नावाने ओळखली जाते. तिचे विभाग ० ते ८ असे आहेत, पैकी सातवा राखीव आहे. शून्य विभागातील अणुविषयक वस्तूंचा परवाना अणुऊर्जा विभाग देतो, सहाव्या विभागातील युद्धसामग्रीचा संरक्षण उत्पादन विभाग आणि उरलेल्यांचा मुख्यतः विदेश व्यापार महासंचालनालय.

या चौकटीतला सर्वांत महत्त्वाचा भाग यादीबाहेरचा आहे. माल संहारक अस्त्रासाठी किंवा ते वाहून नेणाऱ्या क्षेपणास्त्रासाठी वापरला जाणार हे निर्यातदाराला ठाऊक असेल, तर तो यादीत नसला तरी पाठवणे गुन्हा ठरतो. यादी वस्तूबद्दल बोलते, ही तरतूद हेतूबद्दल.

३. अनुपालनाचे टप्पे

पहिला टप्पा वर्गीकरणाचा. तो निर्यात विभागातल्या लिपिकावर सोपवता येत नाही, कारण सहनता, दाब, मिश्रधातू, अक्षांची संख्या हे डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरलाच नेमके माहीत असते. ड्रॉइंग, सॉफ्टवेअर आणि तांत्रिक माहितीही यात येते. नियंत्रित यंत्रभागाचे ड्रॉइंग परदेशी ग्राहकाला ई-मेलने पाठवले, तरी ती निर्यातच.

दुसरा टप्पा ग्राहकाच्या पडताळणीचा. खरेदीदार, माल उतरवून घेणारा आणि प्रत्यक्ष वापरणारा या तीन भूमिका आहेत; तिन्हींची नावे स्वतंत्रपणे तपासावी लागतात. बसवणी, प्रशिक्षण आणि दुरुस्ती ग्राहक नाकारत असेल, सांगितलेल्या कामाला न लागणारी अचूकता मागत असेल, किंवा अंतिम पत्ता म्हणून मालवाहतूक एजंटाचे कार्यालय देत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवून खुलासा मागायला हवा.

तिसरा टप्पा परवान्याचा. अर्जासोबत जाणारे अंतिम वापराचे प्रमाणपत्र हे ग्राहकाचे वचन असते, पुरावा नव्हे. कारखान्याने आपली चौकशी करून मगच ते पुढे पाठवावे. चौथा टप्पा नोंदींचा. कोणी काय विचारले, काय उत्तर आले, निर्णय कोणी घेतला, हे लिहून ठेवलेले नसेल तर सद्भाव सिद्ध करणे कठीण जाते.

या चारांपैकी दुसरा टप्पा सर्वांत दुर्लक्षित आहे आणि तोच निर्णायक आहे. शाह आलममध्ये चुकला तो हाच. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे कागद असतात. ग्राहकाशी बोलणारा, त्याची टाळाटाळ ऐकणारा माणूस कारखान्यात असतो.

४. एक आक्षेप

ही सारी व्यवस्था बलाढ्य राष्ट्रांची मक्तेदारी आहे, असे आपल्याकडे अनेकांना वाटते, आणि त्यामागे अनुभव आहे. अणुपुरवठादार गट उभा राहिला तोच १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर. १९९२ मध्ये क्रायोजेनिक इंजिनाच्या करारावरून अमेरिकेने इस्रोवर निर्बंध लादले. सुपरकॉम्प्युटर मिळवताना आलेल्या अडथळ्यांतूनच १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. ही नकाराची झळ खरी आहे.

पण तिच्यावरून नियंत्रणच निरर्थक ठरत नाही. ऑस्ट्रेलिया ग्रुप १९८५ मध्ये स्थापन झाला तो इराकने इराणविरुद्ध रासायनिक अस्त्रे वापरल्यानंतर. त्या अस्त्रांचा कच्चा माल आणि सामग्री इराकने बऱ्याच अंशी नेहमीच्या व्यापारातून मिळवली होती. मार्च १९८८ मध्ये इराकमधल्याच हलब्जा शहरात रासायनिक हल्ल्यात मेलेल्या हजारो कुर्द नागरिकांपर्यंत तो व्यापार पोहोचला. भारत २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेत, २०१७ मध्ये वासेनार व्यवस्थेत आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया ग्रुपमध्ये सहभागी झाला. आज आपण नियम सोसणाऱ्यांत नाही, ते राबवणाऱ्यांत आहोत.

५. निष्कर्ष

भोसरी-चाकणमध्ये सीएनसी यंत्रांवर अचूक भाग घडवणारे, तारापूर, महाड किंवा लोटे येथे रसायने बनवणारे अनेक उद्योग लहान आहेत. स्वतंत्र अनुपालन विभाग त्यांना परवडणार नाही. औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी वर्गीकरणासाठी सामाईक तांत्रिक कक्ष उभारावेत आणि अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात हा विषय यावा, ही मागणी म्हणूनच रास्त आहे. मात्र ज्याला असा कक्ष उपलब्ध नाही, त्याचीही जबाबदारी संपत नाही. हा माल कोण, कशासाठी वापरणार, हे विचारायला आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास ऑर्डर नाकारायला कोणत्याही विभागाची परवानगी लागत नाही.