अहमदनगर किल्ला आणि भारताचे परराष्ट्रधोरण

अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील भुईकोट किल्ला निजामशाहीच्या आणि चांदबिबीच्या इतिहासामुळे सर्वपरिचित आहे. परंतु स्वतंत्र भारताने शांतता, राष्ट्राराष्ट्रांतील समता आणि परस्पर सहकार्य यांवर आधारलेले जे धोरण पुढे स्वीकारले, त्याच्या वैचारिक पूर्वतयारीचा मोठा भाग या किल्ल्यातील बंदिवासात लिहिला गेला. या कारणासाठी त्याची स्वतंत्र नोंद घेणे आवश्यक ठरते.

पूर्वपीठिका : या विचाराची सुरुवात बंदिवासाच्या आधीची आहे. फेब्रुवारी १९२७ मध्ये ब्रुसेल्स येथे भरलेल्या साम्राज्यशाहीविरोधी परिषदेला जवाहरलाल नेहरू काँग्रेसतर्फे उपस्थित होते.

८ ऑगस्ट १९४२ चा ठराव : मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरील काँग्रेसच्या अधिवेशनात संमत झालेला हा ठराव ‘चले जाव’ या घोषणेने ओळखला जातो. त्यातील आंतरराष्ट्रीय भाग मात्र क्वचितच वाचला जातो. ब्रह्मदेश, मलाया, हिंदी चीन, डच इंडीज, इराण आणि इराक यांनाही पूर्ण स्वातंत्र्य मिळाले पाहिजे, अशी त्यात स्पष्ट मागणी आहे. जगाच्या शांततेसाठी स्वतंत्र राष्ट्रांचा संघ हवा, अशा संघात सर्व देशांचे निःशस्त्रीकरण शक्य होईल आणि राष्ट्रीय सैन्यांची गरज उरणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. आदल्या वर्षीच्या अटलांटिक सनदेतील स्वयंनिर्णयाचे कलम हिंदुस्थानला लागू नाही, असे चर्चिल यांनी जाहीर केले होते. स्वतः परतंत्र असलेल्या देशातील संघटनेने अशा वेळी इतर परतंत्र देशांची नावे घेऊन ही मागणी केली, हे या ठरावाचे खरे मोल आहे.

दुसऱ्याच दिवशी पहाटे काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अटक करून रेल्वेने नगरला आणण्यात आले. नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि शंकरराव देव हे येथील बंदी होत. किल्ल्यातील हा बंदिवास २८ मार्च १९४५ पर्यंत चालला.

ग्रंथ : नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या काळात येथे लिहिला, तो १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथ सहबंद्यांना अर्पण केला असून आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांच्याशी झालेल्या चर्चांचे ऋण नेहरूंनी मान्य केले आहे. वाचक सहसा प्राचीन भारतावरील प्रकरणांत रमतो, परंतु परराष्ट्रधोरणाच्या अभ्यासकाने शेवटच्या प्रकरणापासून आरंभ करावा. तेथे मॅकिंडर, स्पाइकमन आणि लिपमन या पाश्चात्त्य लेखकांच्या भूराजकीय मतांची चिकित्सा आहे. सामर्थ्याचा समतोल साधणाऱ्या गटांतून शांतता टिकत नाही, उलट पुढच्या युद्धाची बीजे पडतात, हा नेहरूंचा तेथील मुख्य आक्षेप होय. अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागर जगाचे मर्मस्थान होईल आणि हिंदी महासागराच्या प्रदेशात भारताला महत्त्व येईल, हे अनुमानही तेथेच आहे. छोट्या राष्ट्रांना स्वतंत्र राजकीय अस्तित्व टिकवणे कठीण जाईल, असे याच प्रकरणातील एक विधान आहे. समतेच्या तत्त्वाशी त्याचा मेळ कसा घालावा, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

प्रत्यक्ष धोरण : नेहरूंच्या ७ सप्टेंबर १९४६ च्या नभोवाणी भाषणात सत्तागटांपासून दूर राहण्याचे सूत्र आले. डिसेंबर १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न विजयालक्ष्मी पंडित यांनी संयुक्त राष्ट्रांत मांडला आणि भारताच्या बाजूने ठराव झाला. वंशसमता हा एखाद्या देशाचा घरगुती प्रश्न नव्हे, हे त्यातून प्रस्थापित झाले. असफ अली १९४७ मध्ये अमेरिकेतील पहिले भारतीय राजदूत झाले. आंतरराष्ट्रीय शांततेविषयीचा अनुच्छेद ५१ संविधानात आला. चीनशी झालेला पंचशील करार (१९५४), बांडुंगची आशियाई-आफ्रिकी परिषद (१९५५) आणि बेलग्रेडची अलिप्त राष्ट्रांची परिषद (१९६१) हे पुढील टप्पे होत.

मतभेद : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना परराष्ट्रधोरण हे असमाधानाचे एक कारण म्हणून नोंदवले. ३५० कोटी रुपयांच्या वार्षिक महसुलातून १८० कोटी सैन्यावर खर्च होतात आणि हा भार मित्रराष्ट्रे नसल्यामुळे पडतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. काश्मीर व तिबेट हे विषय येथे घेतलेले नाहीत.

शंकरराव देव : सहबंद्यांपैकी मराठी वाचकाला सर्वांत जवळचे आणि तरीही विस्मृतीत गेलेले हे नाव. चीनशी झालेल्या युद्धानंतर अवघ्या काही महिन्यांत, १ मार्च १९६३ रोजी, त्यांच्या नेतृत्वाखाली दिल्ली–पेकिंग मैत्रीयात्रा पायी निघाली. देशात चीनविषयी संताप होता आणि यात्रेला विरोधही झाला. चीनने प्रवेश न दिल्याने ती आसामातच थांबली. सरकारी धोरण कोसळल्यासारखे वाटत असताना त्यामागील विश्वास पायी चालून जपणारा हा प्रयत्न परराष्ट्रधोरणाच्या इतिहासात नोंदवला जायला हवा.

  

सद्यस्थिती : किल्ला लष्कराच्या ताब्यात असून नेत्यांच्या खोल्या जतन केल्या आहेत.